मोबाइलवर ३३ अंशच, तरी सायकलस्वार का कोसळतो? खाडीकाठच्या उकाड्यात शर्यत खेळणाऱ्यांनी हे वाचाच

नवी मुंबई : वैशाखात गावात सायकल स्पर्धा ठेवली की हमखास एकच गोष्ट घडते. बॅनरवर वेळ असते सकाळी सातची. पाहुणे येतात नऊला. सत्कार, नारळ, दोन-चार भाषणे आणि फोटो आटोपून झेंडा दाखवेपर्यंत साडेदहा वाजतात. तोवर पोरं डांबरावर, उन्हात, सायकलला टेकून उभी. कुणीतरी मोबाइल काढून बघतो आणि म्हणतो, "३३ अंशच दाखवतंय रे, विदर्भात ४४ आहे. एवढं काय घाबरायचं?"

घोळ इथेच होतो. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातले ३३ अंश आणि नागपूर-चंद्रपूरचे ४४ अंश हे दोन वेगळे प्राणी आहेत. हवामान खात्यालाही हा फरक मान्य आहे. उष्णतेची लाट जाहीर करताना मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासूनच विचार सुरू होतो. कारण हवेतला दमटपणा.

खारघरला काय झाले होते, ते रायगड जिल्हा विसरलेला नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात भर दुपारपर्यंत बसले होते. त्या दिवशी नवी मुंबई परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उन्हाचा त्रास होऊन १४ जणांचा जीव गेला. ही माणसे पळत नव्हती, सायकल चालवत नव्हती, नुसती बसली होती. मग त्याच हवेत पॅडल मारणाऱ्याच्या अंगात काय होत असेल?

माठ सांगतो खरी गोष्ट

घरातला माठ बघा. विदर्भात कडक उन्हाळ्यात माठातले पाणी गारेगार होते. तोच माठ उरणला आणून ठेवला तर पाणी जेमतेम गार होते, 'माठ बिघडला' म्हणून लोक दुकानदाराला बोलतात. माठ बिघडलेला नसतो. माठाच्या अंगावरचे पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. पण हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर आणखी पाणी ती घेणार कुठे?

माणसाचे अंग म्हणजे माठच. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम उडाला तर होते. कपाळावरून टपटप गळून डांबरावर पडलेला घाम फुकट गेला. त्याने अंगातले पाणी आणि मीठ नेले, उष्णता मात्र अंगातच राहिली.

आकड्यात सांगायचे तर थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो, तो माठाचा आकडा समजा. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या हवेत हा ओल्या फडक्याचा आकडा २३ च्या आसपास येतो. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या खाडीकाठच्या हवेत तोच आकडा २८ वर जातो. म्हणजे मोबाइलवर आठ अंश 'कमी' दिसणारी हवा अंगाला मात्र जास्त जड. म्हणून मोबाइलवर तापमानाच्या खाली बारीक अक्षरात आर्द्रता दिलेली असते, ती आधी वाचावी.

चार भाकऱ्या खाल्ल्या, तीन तापण्यात गेल्या

सायकलस्वाराची दुसरी अडचण अंगातूनच येते. माणसाच्या स्नायूंना जेवढी ऊर्जा मिळते, त्यातली साधारण पाव भागच पॅडलपर्यंत पोहोचते. बाकीची तीन हिस्से उष्णता होते. चार भाकऱ्यांच्या जोरावर सायकल हाणली तर एक भाकरी चाकाला लागली, तीन भाकऱ्यांची शेगडी पोटात पेटली.

सपाट रस्त्यावर दमदार सायकल मारणारा तरुण पॅडलवर १५० वॉट ताकद लावत असेल, तर त्याच्या अंगात त्याच वेळी साडेचारशे वॉटची उष्णता तयार होत असते. ती बाहेर काढायला तासाला जवळपास पाऊण लिटर घाम उडून जावा लागतो. नुसता येऊन चालत नाही, उडावा लागतो. कोरड्या हवेत हे जमते. दमट हवेत जमत नाही, मग अंगाचे तापमान चढू लागते.

यातून निघणारी गोष्ट शर्यतीतल्या पोरांना पटवणे सर्वात अवघड असते. दमट उन्हात अंग गार ठेवण्याचा सर्वात मोठा उपाय बाटलीत नाही, पॅडलमध्ये आहे. जितकी ताकद वाचवाल तितकी शेगडी कमी पेटेल. ताकद वाचवणे आणि गार राहणे ही दोन कामे नाहीतच, एकच आहे.

झेंडा पडला की सगळेच सुसाट सुटतात, गाव बघतंय ना! पण सायकलला सर्वात मोठा अडथळा हवेचा, आणि तो वेगाबरोबर फार भराभर वाढतो. ताशी २५ किलोमीटरवरून ३० वर जायचे तर वेग वाढतो वीस टक्के, पण हवा कापायला लागणारी ताकद वाढते सत्तर टक्क्यांहून जास्त. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये दाखवलेला हा रुबाब शेवटच्या पाचात वसूल होतो. उन्हातल्या शर्यतीत पहिला तिसरा हिस्सा मन मारून थोडा हळू काढावा. मागून सुटलेला माणूस पुढच्यांना एकेक करून गाठतो, हे बघणाऱ्यांनीही पाहिलेले असते.

दुसऱ्याच्या मागे चाक लावून चालवले तर हवेचा मार पुढच्यावर जातो आणि मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. मात्र उन्हात याला एक पोटकलम आहे. मागे ताकद वाचते तसा वाराही कमी लागतो. अगदी चिकटून बसण्यापेक्षा अधूनमधून चाकभर बाजूला सरकून अंगाला वारा घ्यावा, आणि चार जण असतील तर पुढे राहण्याची पाळी ठरवून घ्यावी. अर्थात हे रोज एकत्र चालवणाऱ्यांनीच करावे. पहिल्यांदाच भेटलेल्याच्या चाकाला चाक लावले तर दोघेही आडवे.

सायकलीकडेही बघा. कमी हवेचे टायर, गंजलेली चेन, रिमला घासणारा ब्रेक हे तिन्ही गुपचूप ताकद खातात. सर्वात मोठा चोर म्हणजे खाली बसवलेली सीट. गावाकडच्या निम्म्याअधिक सायकलींची सीट इतकी खाली असते की गुडघा कधी सरळ होतच नाही. पॅडल सर्वात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, गुडघा किंचितच वाकलेला राहावा. पाना घेऊन पाच मिनिटांचे काम आहे, पैसा लागत नाही.

पाठीमागचा वारा गोड, पण फसवा

नवी मुंबईत सायकलवाल्यांचा आवडता रस्ता म्हणजे वाशी ते बेलापूर पाम बीच मार्ग. सपाट, सरळ, एका बाजूला खाडी. दुपार कलली की समुद्राकडून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून वारा सुटतो. वाशीहून बेलापूरकडे येताना तो पाठीवर असतो. सायकल पळते, माणूस खूश. पण वारा मागून आणि वेग पुढे, दोन्ही जवळपास सारखे झाले की अंगाभोवतीची हवा उभीच राहते. घाम अजिबात उडत नाही. परत वाशीकडे जाताना वारा तोंडावर येतो, ताकद जास्त लागते, पण अंग तरी सुकते. म्हणून वारा पाठीवर असताना वेग आणखी वाढवण्याचा मोह टाळून पाणी पिणे, डोक्यावर पाणी ओतणे ही कामे तेव्हाच उरकून घ्यावीत.

चढावर तर आणखी कठीण. खारघरच्या टेकडीवर, कर्नाळ्याच्या चढाला किंवा खोपोलीतून बोरघाट चढताना वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. वारा संपतो आणि ताकद मात्र सर्वात जास्त लागत असते. मुंबई-पुणे या जुन्या सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणून मान मिळत आला आहे, तो उगाच नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त उंची चढावी लागते. सराव करणाऱ्यांनी हा घाट उन्हाळ्यात उजाडता उजाडता संपवावा. आणि जुन्या महामार्गानेच जावे, द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची वर्दळ असते. ऊन लागून चक्कर आलेल्या सायकलस्वाराला तिथे पडायलाही जागा नाही. तो रस्ता सरावाला नकोच.

पहाटेबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते. पहाटे तर दमटपणा जास्त असतो, मग फायदा काय? खरे आहे, टक्केवारी पहाटे जास्तच असते. पण ऊन नसते, डांबर तापलेले नसते आणि हवाही पाच-सहा अंशांनी उतरलेली असते. सगळे जमेस धरले तर पहाटच बरी. मे महिन्यात इकडे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. पहिली सायकल तेव्हाच सुटायला हवी, पाहुणे येवोत न येवोत. सत्कार बक्षीस समारंभाला केला तरी मान तेवढाच राहतो.

बर्फ, पाणी, मीठ

परदेशातल्या मोठ्या शर्यतींमध्ये उन्हाच्या दिवशी सायकलपटूंच्या मानेवर बर्फ भरलेले पायमोजे दिसतात. त्याला काही महागडे सामान लागत नाही. जुना पातळ मोजा किंवा उपरण्याची सुरळी, त्यात बर्फाचे तुकडे, आणि ती मानेच्या मागे शर्टात खोचायची. दमट हवेत नुसत्या पाण्याने अंग ओले करून फार फायदा होत नाही, कारण ते उडत नाही. बर्फ किंवा थंडगार पाणी मात्र उडण्याची वाट न बघता थेट उष्णता शोषून घेते. म्हणून विदर्भात ओला गमछा पुरतो, इथे गमछ्यात बर्फ लागतो.

सुटण्याआधी अर्धा तास बारीक चुरलेला बर्फ सरबतात घालून हळूहळू खाल्ला तर अंग आतून थोडे उतरून सुरुवात होते. मोठे खेळाडूही हेच करतात. बर्फाचा गोळाच म्हणा ना! फक्त बर्फ घरच्या फ्रिजमधला, प्यायच्या पाण्याचा हवा. मासळी ठेवायच्या बर्फाचा गोळा खाल्ला तर शर्यत भलत्याच ठिकाणी संपायची.

किती प्यायचे? घरी वजनकाटा असेल तर हिशेब सोपा आहे. सरावाला जाण्यापूर्वी आणि आल्यावर अंग पुसून वजन करायचे. एक किलो घटले म्हणजे प्यायलेल्या पाण्यापेक्षा लिटरभर घाम जास्त गेला. साठ किलोच्या माणसाचे सव्वा किलोपेक्षा जास्त घटू लागले की ताकद उतरते. साधारणपणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही घोट-घोट, बहुतेकांना पुरते. वजन उलट वाढले असेल तर पाणी जास्त झाले. तहान नसताना नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, त्यानेही माणूस भोवळ येऊन पडतो आणि ते जिवावर बेतू शकते.

तास-दीड तासाच्या वर सायकल चालवायची असेल तर पाण्यात मीठ-साखर हवी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण घरोघरी ठाऊक असावे. कोकणात कोकमाचे सरबत आहेच, त्यात मीठ विसरू नये. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मंडळांनाही एक सांगणे. स्पर्धकांना वाटायचे टी-शर्ट काळे आणि जाड नकोत. फोटोत छान दिसतात, उन्हात भट्टी होतात. पांढरा, सैल, पातळ कपडा द्यावा. नेत्याचा फोटो त्यावरही उठून दिसतो.

पंधरा दिवस आधी सवय

नवी मुंबईत राहणारे वकील कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने सायकल चालवत पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत बारा दिवसांची. त्यांना लागले ११ दिवस २२ तास ४३ मिनिटे. त्यांच्या मदतनीस पथकाचे नेतृत्व त्यांची बहीण सपना यांनी केले. या शर्यतीत सुरुवातीलाच कॅलिफोर्निया-अॅरिझोनाचे वाळवंट लागते, पारा चाळिशीपार असतो, आणि पुढे थंडगार पहाडही चढावे लागतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने हीच शर्यत पार केली आहे. महाराष्ट्राच्या उन्हात वाढलेल्या माणसांना हे जमते. पण जमते ते तयारीने.

अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज तासभर उकाड्यात बेताने सायकल मारली की घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. सराव सोडला की ही सवय दोन-तीन आठवड्यांत जाते. मार्चभर परीक्षेचा अभ्यास केलेला किंवा दिवसभर एसीत काम करणारा मुलगा आदल्या दिवशी नाव नोंदवून थेट शर्यतीत उतरतो, त्याची काळजी सर्वात जास्त घ्यायला हवी. ताप, जुलाब असेल, रात्र जागून काढली असेल, दारू प्यायली असेल, तर त्या दिवशी सायकल घरीच.

'ताकदीच्या गोळ्या' तर नकोच नको. ब्रिटनचा नामवंत सायकलपटू टॉम सिम्पसन १३ जुलै १९६७ रोजी 'टूर द फ्रान्स'मध्ये मोंट व्हेंटू हा डोंगर रखरखत्या उन्हात चढताना कोसळला आणि गेला. वय अवघे २९. त्याच्या शरीरात उत्तेजक गोळ्यांचा आणि दारूचा अंश सापडला. अशा गोळ्या थकवा मारत नाहीत, थकव्याची सूचना मारतात. अंग थांब म्हणत असते, ते ऐकूच येत नाही.

आता जागतिक सायकल संघटनेने उन्हासाठी नियमच केले आहेत. साधा थर्मामीटर, ओल्या फडक्याचा थर्मामीटर आणि उन्हात ठेवलेला काळा गोळा या तिघांचा मिळून एक आकडा काढतात. त्यात सर्वात जास्त वजन ओल्या फडक्याला. आकडा २८ च्या वर गेला की लाल रंग, मग सुटण्याची वेळ बदलणे, अंतर कमी करणे, शर्यत थांबवणे यावर विचार होतो. या मापाने खाडीकाठची मे महिन्यातली दुपार बहुतेक वेळा लालच भरते. गावातल्या आयोजकांनी एवढे सामान जमवायची गरज नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर आणि एक ओले फडके आणले तरी काम भागते. सावलीत वारा घालूनही ओल्याचा आकडा २७-२८ दाखवू लागला, तर अंतर निम्मे करावे किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे खेळावे.

पडलाच तर आधी गार, मग दवाखाना

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, उन्हातही अंगावर काटा येणे ही पहिली खूण. तिथेच थांबायचे. सावली, मीठ-साखरेचे पाणी, ओले कपडे.

पण सायकल नागमोडी जायला लागली, माणूस चिडचिड करू लागला, असंबद्ध बोलू लागला, 'नाव काय' विचारल्यावर अडखळला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. 'अंग कोरडे पडले तरच ऊन लागले' ही समजूत इथे घात करते. सायकल चालवताना ऊन लागलेल्याचे अंग घामाने निथळत असू शकते. आत तापमान ४० अंशांवर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मेंदूवर जाते.

अशा वेळी लोक उचलून रिक्षात घालतात आणि ट्रॅफिकमधून दवाखान्याकडे निघतात. चूक. एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी तिथेच गार करायला सुरुवात करायची. सर्वात उत्तम म्हणजे पाण्याच्या टाकीत किंवा टबात मानेपर्यंत बसवणे, बर्फ असेल तर त्यात ओतणे. एकाने डोके पाण्यावर धरून ठेवायचे, हात सोडायचा नाही. टब नसेल तर जाड कपडे काढून विहिरीचे-बोअरचे पाणी सतत ओतत राहायचे, ओल्या चादरीत गुंडाळून ती पुन:पुन्हा ओली करायची, पुठ्ठ्याने वारा घालायचा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही, ते छातीत जाते. तापाची गोळी या तापावर चालत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

म्हणून स्पर्धेच्या खर्चात ट्रॉफीच्या आधी शेवटच्या रेषेजवळ पाण्याने भरलेला एक मोठा टब आणि बर्फाच्या दोन लाद्या लिहायच्या. चढ संपतो तिथे आणखी एक पिंप. आणि दर दोन-तीन किलोमीटरवर असा एक माणूस, ज्याला कुणाचीही सायकल हाताला धरून थांबवण्याचा अधिकार दिलेला आहे, मग तो पहिला नंबर का असेना.